रायरूंचा राखीव समुद्र

म्हैसूर राज्याला समुद्र मिळाला तो सरकारी हुकमाने. छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात राज्यांच्या हद्दी नव्याने आखल्या, मुंबई राज्यातलं आमचं कारवार आणि मद्रासकडचं मंगळूर म्हैसूरला जोडलं गेलं, आणि एके सकाळी बंगळूरच्या एका कचेरीतल्या टेबलावर अरबी समुद्र येऊन पडला. कचेरी माशांच्या खात्याची होती, पण तोवर खात्याचे मासे म्हणजे तळ्यांतले मासे. समुद्राबरोबर फायली आल्या आणि फायलींबरोबर मी आलो, कारण कारवारकडच्या कोळ्यांचे अर्ज मराठीत असत आणि ते वाचणारं बंगळुरात कुणी नसणार असं वरचे धरून चालले होते. त्यांचा अंदाज किती चुकला होता हे मला पहिल्याच दिवशी कळलं. ज्यांच्या हाताखाली मला दिलं होतं त्या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मराठीत विचारलं, "तू उतरलायस तिथं पाणी कुठं जातं रे अण्णा?"

मला वाटलं, पिण्याच्या पाण्याची चौकशी चालली आहे. मी म्हटलं, नळ आहे, सकाळी येतो. ते वैतागले. "येतं कुठून ते सगळेच विचारतात की. जातं कुठं ते सांग."

हे आमचे रायरू. रायरू म्हणजे आपल्याकडचे रावसाहेब. शिपायापासून वरच्या साहेबापर्यंत सगळे त्यांना याच नावाने हाक मारत, आणि ते शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना अण्णा म्हणत. घराणं देशस्थांचं, चिकपेटेच्या मागच्या गल्लीत राहणारं. शहाजीराजांच्या वेळेपासून आपण बंगळुरात आहोत असं ते सांगत, आणि पुरावा मागितला तर आपली मराठी पुढे करत. ती खरंच तेवढी जुनी वाटायची, आणि जिथे फाटली होती तिथे कन्नडची ठिगळं लावलेली. डोक्यावर जरीकाठी म्हैसुरी पेटा, कपाळावर गोपीचंदन आणि अंगाऱ्याची काळी उभी रेघ, बंद गळ्याचा कोट, खाली धोतर. कांद्याच्या वासानेही पानावरून उठेल असा माणूस. आणि नोकरी कसली, तर राज्यातल्या माशांची पैदास वाढवायची. यात काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. "दूध राखायला मांजर ठेवतात का?" असं ते विचारत, आणि माझ्याकडे, म्हणजे कारवारहून आलेल्या मांजराकडे, रोखून बघत.

पाण्याचं त्यांचं वेड मी पुढे बारा गावांत पाहिलं. लग्नाला गेले की नवऱ्यामुलाला बघायच्या आधी मांडवाच्या मागे जाऊन मोरी बघून येत. कुणाच्या घरी बारशाला गेले तर न्हाणीघराच्या पाण्याचा माग काढत गटारापर्यंत जात, आणि परत येऊन बाळाला हातात घेत. बंगळुरातलं एक मोठं तळं बुजवून तिथे बसस्टँड झाला होता. त्या स्टँडवर पाऊल टाकलं की रायरू धोतर गुडघ्यापर्यंत वर उचलून धरत आणि बस येईपर्यंत तसेच उभे राहत. लोकांना वाटे, चिखलाला भीत असतील. भर एप्रिलात एकदा कंडक्टरने विचारलंच. रायरू त्याला कन्नडमध्ये म्हणाले की तू आणि मी दोघेही कमरेएवढ्या पाण्यात उभे आहोत, तुला दिसत नाही एवढंच. कंडक्टरने त्यांना तिकीट दिलं आणि बसायला पुढची जागाही दिली.

अशा माणसाच्या हाती समुद्र आला. जुन्या म्हैसुरात प्रत्येक तळ्याची एक नोंद असे: बांध केवढा, मोऱ्या किती, सांडवा कुठे, राखणदार कोण. वरून हुकूम आला की नव्याने आलेल्या जलाशयांच्या नोंदीही त्याच नमुन्यात करून पाठवा. दुसऱ्या कुणी हसून फाईल बाजूला सारली असती. रायरूंनी मनापासून नमुना भरला. बांध: पूर्वेला आहे, पश्चिमेला नाही. सांडवा: शोध चालू आहे. राखणदार: नेमणूक झालेली नाही. ही शेवटची ओळ लिहिताना ते थट्टा करत नव्हते, हे मला फार उशिरा समजलं.

पहिल्यांदा मी त्यांना घेऊन कारवारला गेलो तेव्हा धातूचे तीन डबे, एक स्टोव्ह आणि बंगळूरचं पाणी भरलेली कळशी एवढं सामान बरोबर होतं. वाळूवर उभे राहून ते बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले. मला अभिमान वाटत होता, जणू समुद्र माझ्या वडिलांनीच बांधला होता. शेवटी त्यांनी विचारलं, "पलीकडचा काठ कुणाच्या राज्यात येतो?" मी म्हटलं, अरबस्तान. ते म्हणाले, सरी, ठीक आहे, म्हणजे पत्रव्यवहाराला वेळ लागेल.

पत्रव्यवहार मात्र दिल्लीशीच व्हायचा होता. त्या काळी राष्ट्राचं धोरण एका ओळीत सांगता येई: जास्त मासे. कोळ्यांना यंत्राच्या होड्या द्या, समुद्राच्या तळाशी ओढत न्यायची मोठी जाळी द्या, झिंगा पकडा, गोठवा, अमेरिकेला पाठवा. दिल्लीहून दर काही दिवसांनी विचारणा येई की होड्या किती वाढल्या, जाळी किती वाढली. मासे किती उरले हे विचारायचा रकाना त्या छापील कागदावर नव्हताच. रायरूंनी होड्या वाटल्या, नीट वाटल्या, एकही होडी पुढाऱ्याच्या जावयाकडे जाऊ दिली नाही. आणि मग एक दिवस त्यांनी फायलीत एक टिपण घातलं की कारवारकडच्या एका बेटापासून खाडीच्या तोंडापर्यंतचा समुद्राचा पट्टा कायमचा बंद ठेवावा, तिथे कुणीही जाळं टाकू नये.

आता असल्या गोष्टींना भारदस्त नावं आहेत. आज सरकारं समुद्राचे मोठाले तुकडे राखून ठेवल्याचं जाहीर करतात, परिषदा भरतात, नकाशे रंगवतात, वर्तमानपत्रं त्यावर अग्रलेख लिहितात. रायरूंकडे त्याला एकच शब्द होता, डोह. त्यांच्या लहानपणी तळी उन्हाळ्यात आटत, पण प्रत्येक तळ्यात एक खोल खड्डा असे आणि त्यात शेवटपर्यंत पाणी राही. त्या डोहात कुणी जाळं टाकत नसे. पाऊस पडला की तिथलेच मासे साऱ्या तळ्यात पसरत. बेटाजवळच्या त्या पट्ट्यात माशांची पिल्लं वाढतात हे कारवारचं शेंबडं पोर सांगेल. रायरूंनी दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, एवढंच. "तळं असो की समुद्र, अण्णा, बियाणं खाऊन शेती होत नाही," असं ते म्हणत.

दिल्लीने उत्तर दिलं की समुद्र हा केंद्राचा विषय आहे, त्यातले किनाऱ्याजवळचे मासे हा राज्याचा, तेव्हा प्रस्ताव नेमका कशाबद्दल आहे ते स्पष्ट करावं. रायरूंनी मला ते पत्र मोठ्याने वाचायला लावलं आणि म्हणाले की पाणी दिल्लीचं आणि मासे बंगळूरचे, हे माशांना कुणीतरी कळवायला हवं. मग त्यांनी ठरवलं की दिल्लीचं दिल्ली बघेल, आधी ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांना विचारावं.

बेटासमोरच्या कोळ्यांच्या गावात, शाळेच्या अंगणात सभा झाली. सुरुवात बरी झाली. मराठी कानडी कोकणी मिसळून रायरूंनी डोहाची गोष्ट सांगितली, म्हातारे कोळी माना डोलवत होते. मग यंत्राच्या होड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष उठले. तरुण, शिकलेला, स्वच्छ पांढरा शर्ट घातलेला माणूस. तो रायरूंच्या कपाळाकडे बोट दाखवून म्हणाला की हा माणूस कोण ते बघा. याच्या सात पिढ्यांत कुणी मासा शिवलेला नाही. याला माशांची दया येते. आज एक पट्टा बंद करेल, उद्या सगळा समुद्र, आमच्या चुली विझतील आणि पुण्य याच्या खात्यावर जमा होईल.

मी रायरूंकडे पाहिलं. कुठल्याही आक्षेपाला चार उत्तरं देणारा हा माणूस पेटा सारखा करून खाली बसला. म्हाताऱ्यांच्या माना डोलायच्या थांबल्या होत्या. सभा तिथेच मोडली. परतीच्या प्रवासात घाट चढल्यावर ते म्हणाले, "त्याचं चुकलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं."

पुढच्या रविवारी सकाळी ते हलसूरला माझ्या घरी आले. मी मुद्दाम तिकडे राहत होतो, कारण बसवनगुडीच्या घरमालकांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या वासावरून मला दोनदा हाकललं होतं. कंटोन्मेंटच्या बाजारात बर्फात घातलेले मासे रेल्वेने येत. ताजे म्हणावे असे नव्हते, पण भुकेल्याने किती चिकित्सा करायची? रायरूंनी आधी मोरी बघितली. मग माझ्या बायकोला म्हणाले, "अक्का, मला मासा खायला शिकव."

ती आधी हसली. मग त्यांचा चेहरा पाहून तिने हातातलं काम खाली ठेवलं. मी त्यांना परोपरीने सांगितलं की हे करायची गरज नाही, आपण आकडे दाखवू, पुन्हा सभा घेऊ. त्यांनी मान हलवली. आपण काही सोडल्याशिवाय दुसऱ्याला सोड म्हणता येत नाही, असं ते म्हणाले, आणि माझ्याकडे सोडण्यासारखं दुसरं काय आहे? ते खरं होतं. त्यांची बायको लवकर वारलेली, मूल नाही, घरात ते आणि त्यांची आई. होतं ते एवढंच, जन्मभर सांभाळलेलं सोवळं.

माझ्या बायकोने सुरमई सुचवली, काट्याला सोपी म्हणून. त्यांनी विचारलं की तिथले लोक रोज काय खातात. बांगडा, ती म्हणाली. मग बांगडाच, असं ठरलं. ताट वाढल्यावर त्यांनी एकच विनंती केली, त्याचं तोंड भिंतीकडे कर. मग नेहमीसारखं ताटाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या. मी म्हटलं, रायरू, निदान हे तरी राहू द्या. ते म्हणाले, का? अन्नच आहे की. पहिला घास त्यांनी डोळे मिटून एरंडेलासारखा गिळला. दुसऱ्याला घाम फुटला. तिसऱ्या घासानंतर त्यांनी काटा कसा ओळखायचा, कडेने कसं सुरू करायचं, हे सगळं नीट विचारून घेतलं. कुणीतरी मोटार चालवायला शिकावं तसा हा माणूस मासा खायला शिकत होता. बायको पदराने डोळे पुसत आत गेली. चव कशी आहे असं मी मूर्खासारखं विचारलं. "मीठ बेताचं आहे," ते म्हणाले.

त्यांच्या आईला सगळे अम्मा म्हणत. वय ऐंशीच्या घरात, कायम सोवळ्यात, शेजारणीची सावली पडली तरी पुन्हा पाणी अंगावर घेणारी बाई. रायरू कधी खोटं बोलत नसत आणि अम्मांशी तर नाहीच. त्याच संध्याकाळी त्यांनी घरी जाऊन सांगून टाकलं. अम्मा रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रायरूंचं पान ओसरीवर मांडलेलं होतं. उपाध्यायांनी येऊन प्रायश्चित्ताचा तोडगा सांगितला. पंचगव्य घ्यायचं, चुकून घडलं असं म्हणायचं, की मोकळे. रायरू म्हणाले की चुकून घडलेलं नाही आणि अजून एकदा घडायचं आहे. तोडगा तिथेच राहिला.

तेव्हापासून सरकारचा एक मोठा अधिकारी भर गल्लीतल्या ओसरीवर केळीच्या पानावर जेवू लागला. चिकपेटेत कापडाचे गठ्ठे घेऊन जाणारे हमाल जाता जाता "ऊट आयता, स्वामी?" असं विचारत, म्हणजे जेवण झालं का. रायरू सांगत, आत्ता होतंय. काही रविवारी मी सोबतीला जाऊन बसे. मासेखाऊची जागा तशीही ओसरीवरच होती, त्यामुळे माझ्यासाठी काही बदललं नव्हतं. अम्मा आतून वाढायला येत, लांबून पळी उंच धरून वाढत, आणि मुलाकडे न बघता आत जात. त्या आत गेल्यावर रायरू काही वेळ दाराकडे बघत राहत. ते मला बघवत नसे.

दुसरी सभा त्याच अंगणात झाली. रायरूंनी भाषण केलंच नाही. सभेआधी गावात जेवण ठेवलं होतं, ते सगळ्यांसोबत पंगतीत जाऊन बसले आणि मला म्हणाले की मला हे लोक जे वाढतील ते वाढू दे. आणि इथे आमचा डाव फसला. रायरू बांगड्यात तयार झाले होते. पानात आल्या तारल्या, नखाएवढ्या काट्यांनी भरलेल्या, तळलेल्या. मी घाबरलो. खुणा केल्या, पण त्यांनी बांगड्याचाच धडा तारलीला लावला आणि दुसऱ्याच घासाला काटा घशात अडकला. माणूस काळानिळा पडला. पंगत उठली, गोंधळ झाला. गावातली एक जाडजूड म्हातारी कोळीण, जी वाढत होती, तिने भाताचा गोळा करून त्यांच्या तोंडात कोंबला आणि न चावता गिळायला लावला. गोपीचंदन पुसून गालावर आलं होतं, पेटा मागे पडला होता.

अध्यक्षांनी तेवढ्यात म्हटलंच की हे सगळं नाटक आहे, सरकारी नाटक.

म्हातारी वळली. हातातला डाव तसाच. "नाटकांत काटो अडकता रे?" ती म्हणाली.

सगळं अंगण हसलं. रायरूही हसले, डोळ्यांत पाणी होतं ते काट्याचं. त्या हसण्यात काहीतरी सुटलं. जेवणं आटोपल्यावर म्हातारे स्वतःच बोलायला लागले. पट्ट्याची हद्द कुठपासून कुठवर, खुणेला कुठला खडक धरायचा, कुणी मोडली तर काय करायचं, हे सगळं त्यांनीच ठरवलं. यंत्राच्या होड्यांचे काही मालकही आले. अध्यक्ष तेवढे निघून गेले आणि जाता जाता मंत्र्यांना तार करून गेले. मी आयुष्यात अनेक सरकारी सभा पाहिल्या, पण लोकांनी खरोखर काही ठरवलेली ती एकच.

लोकांनी ठरवलं म्हणजे झालं असं फक्त रायरूंना वाटे. फाईल सचिवालयात गेली आणि परत आली. मासे वाढवायचं धोरण असताना मासेमारी बंद करणारा हुकूम काढता येत नाही, असा शेरा. रायरूंनी पुन्हा पाठवली, कोळ्यांचे ठराव जोडून. पुन्हा परत. हंगामामागून हंगाम गेले. खाडीच्या तोंडाशी तळाला जाळी ओढणाऱ्या मोठ्या होड्या यायला लागल्याची बातमी गावाहून आली. म्हाताऱ्यांनी शब्द पाळला होता, पण बाहेरून येणाऱ्यांना त्यांचा शब्द लागू नव्हता, त्यांना हुकूम हवा होता. रायरूंची निवृत्ती जवळ आली होती आणि त्यांच्या नंतर त्या फायलीला कुणी वाली उरणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मग उपसचिवांनी त्यांना बोलावलं. मीही गेलो होतो. उपसचिव मंड्याकडचे, गोड स्वभावाचे, अडचणीत सापडलेल्या फायली सोडवण्यात नाव कमावलेले. त्यांनी कॉफी मागवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की त्या बेटावर देऊळ आहे का. रायरू म्हणाले, लहानसं आहे, वर्षातून एकदा यात्रा भरते. उपसचिवांचा चेहरा उजळला. मग प्रश्नच मिटला, ते म्हणाले. उत्पादनाच्या धोरणाविरुद्ध आम्हाला जाता येत नाही, पण देवाच्या धोरणाविरुद्ध मंत्र्यांनाही जाता येत नाही. देवळाचं पावित्र्य राखण्यासाठी भोवतालच्या पाण्यात मासेमारी बंद, असा मसुदा करा. एका दिवसात सही होईल. शिवाय, ते हसून पुढे म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाच्या नावाने तो शोभूनही दिसेल.

रायरूंनी कॉफी तशीच ठेवली. बाहेर येऊन ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. ज्या आरोपाला उत्तर द्यायला या माणसाने जन्माचं सोवळं मोडलं, आईचं स्वयंपाकघर गमावलं, तोच आरोप आता सरकारी शिक्क्यासह खरा ठरणार होता. शाकाहारी बामणाने देवाच्या नावाने समुद्र बंद केला. अध्यक्षांना दुसरं काय हवं होतं?

मसुदा काही दिवस त्यांच्या टेबलावर पडून राहिला. मग एका सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि माझ्यासमोर सही केली.

"माशांना हुकूम वाचता येत नाही, अण्णा," ते म्हणाले. "कारण काही का लिहिलेलं असेना."

त्यांचं एक बरोबर होतं. पुढे सरकारं बदलली, खाती बदलली, शास्त्रीय आधारावर काढलेले किती तरी हुकूम आले तसे गेले. त्या एका पट्ट्याला कुणी हात लावला नाही. देवाचा मामला, कोण अंगावर घेईल? माझ्या माहितीप्रमाणे तो अजून बंद आहे, आणि बेटावरच्या यात्रेला पूर्वीपेक्षा जास्त गर्दी होते.

हुकूम राजपत्रात छापून आल्यावर एका मठाची मंडळी शाल आणि नारळ घेऊन रायरूंच्या घरी आली. देवाच्या माशांना अभय दिल्याबद्दल सत्कार. रायरूंनी त्यांना ओसरीवर बसवलं आणि स्वच्छ सांगितलं की मी मासे खाल्लेले आहेत, दोनदा, एकदा तर काटा घशात अडकला. मंडळी मनापासून हसली. रायरू मोठे विनोदी आहेत असं त्यांनी आधीही ऐकलं होतं म्हणे. ओसरीवरचं पान पाहून एकाने विचारलं की हे बाहेर जेवायचं काही व्रत आहे का. उत्तराची वाट न बघता त्यांनी अम्मांना बाहेरूनच नमस्कार सांगितला, तुमच्या मुलाने देवासाठी केवढं केलं ते सांगितलं, आणि कठड्यावर शाल ठेवून निघून गेले.

त्यानंतरच्या रविवारी मी गेलो होतो. रायरू पानावर पाणी शिंपडत होते, शेजारी माझं पान. अम्मा दारात आल्या. हातात पळी नव्हती.

"आत ये," त्या म्हणाल्या. "पाट मांडलाय."

रायरूंचा हात थांबला. या दोन शब्दांसाठी हा माणूस किती दिवस दाराकडे बघत होता ते मी पाहिलं होतं. मी त्यांना कोपराने ढोसलं, उठा म्हणून.

"प्रायश्चित्त घेतलं नाही मी, अम्मा."

"लागत नाही. देवासाठी खाल्लं त्याला विटाळ नाही. देवासाठीच केलंस, मठातले सांगून गेले."

मला वाटलं, झालं, मिटलं. हो म्हणायचं आणि आत जायचं, एवढंच उरलं होतं. रायरू पानाकडे बघत म्हणाले, "देवासाठी नाही खाल्लं. त्या लोकांना माझ्यावर भरवसा वाटावा म्हणून खाल्लं. देवाचं नाव सरकारनं घातलंय."

"सही तुझी आहे की."

"माझीच. माशांसाठी खोटं कारण चालवून घेतलं, अम्मा. माझ्या ताटासाठी नाही चालवणार."

अम्मा वळून आत गेल्या. मला रायरूंचा संताप आला, आणि तो मी लपवलाही नाही. मी म्हटलं, त्या माउलीने तुमच्यासाठी वाट काढली होती, जिने जन्मात कधी कुणासाठी काढली नाही. एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं? काटा गिळलात ना? त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी आपलं पान पुढे ओढलं.

आत भांड्यांचा आवाज झाला. मग अम्मा पुन्हा आल्या. एका काखेत पाट, एका हातात साराचं पातेलं, ओलं सोवळं नेसलेल्या. उंबरा ओलांडून ओसरीवर आल्या. रस्त्यावरून गठ्ठा नेणारा एक हमाल थांबून बघत राहिला, समोरच्या दुकानदाराने मान वर केली. ज्या बाईने आयुष्यात चार भिंतींच्या बाहेर घास घेतला नव्हता, तिने रायरूंच्या पानाशेजारी पाट टाकला.

"तू स्वल्प सरक," त्या मला म्हणाल्या.

मी सरकलो. त्यांनी माझ्या पानावर सार वाढलं, रायरूंच्या पानावर वाढलं, मग स्वतःसाठी एक पान मांडून त्यावर वाढलं आणि गल्लीकडे तोंड करून बसल्या.

"जेव," त्या मुलाला म्हणाल्या. "सार निवतंय."

रायरूंनी मान खाली घातली आणि भात कालवायला घेतला. बराच वेळ ते नुसता भात कालवत राहिले.